नवा पिन, जुना पिन आणि सेक्टर पंधरा

गेल्या वर्षी बाबांचं एटीएम कार्ड एक्स्पायर झालं, नवीन आलं, पिनही नवीन सेट केला, आणि पंधरा दिवसांनी आम्ही वाशीला एटीएममध्ये उभे होतो तेव्हा बाबांचं बोट थेट जुन्या पिनवर गेलं. पहिल्यांदा चुकलं तेव्हा ते हसले. दुसऱ्यांदा त्यांनी हात मागे घेतला, डोळे मिटले, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले आणि परत तेच चार आकडे दाबले, मी मागे उभी राहून बघत होते, बोट अगदी ठामपणे पडत होतं, अडखळणं वगैरे अजिबात नाही. तिसऱ्यांदा पण तेच. कार्ड ब्लॉक. बाहेर स्कूटरपाशी येऊन ते थोडा वेळ गप्प उभे राहिले आणि मग म्हणाले, "अगं, माझं डोकं चाललंय का?"

मी गडबडीत "काहीतरीच काय बाबा" म्हणून टाकलं. ते मला नंतर खूप लागलं, कारण मी एम.ए. सायकॉलॉजी केलंय, आता नोकरी ऐरोलीत दुसऱ्याच क्षेत्रात आहे ते सोडा, पण या प्रश्नाचं खरं उत्तर मला माहीत होतं आणि ते त्यांना तिथेच हवं होतं. नंतर घरी बसून दोन-तीन संध्याकाळी मी त्यांना सगळं समजावलं, तेच इथे लिहितेय, कारण बाबांसारखे घाबरलेले लोक मला आजूबाजूला खूप दिसतात, आणि त्यात दहावीची मुलंही आली.

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक चित्र पक्कं असतं, की आठवण म्हणजे पाटीवरचं खडूचं लिखाण, दिवस गेले की आपोआप पुसट होत जातं. हे चित्र अगदीच निराधार नाही. हरमान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग छापले, त्याने सुमारे २३०० बिनअर्थाची अक्षरं, म्हणजे काहीच अर्थ नसलेले तीन-तीन अक्षरी तुकडे, तयार केली, त्यांच्या याद्या पाठ करायच्या आणि काही वेळाने तीच यादी परत पाठ करायला किती कमी कष्ट पडतात ते मोजायचं. २० मिनिटांनी कष्टांची बचत ५८ टक्के, एका दिवसाने ३४ टक्के आणि ३१ दिवसांनी २१ टक्के. म्हणजे सुरुवातीला धाडकन घसरण आणि मग हळूहळू. हा विसरण्याचा आलेख आजही प्रत्येक ट्रेनिंगच्या पीपीटीत असतो आणि त्यातून लोक एवढंच घेतात की वेळ गेला की विसरतं.

पण वेळ स्वतः काही करतो का? जॉन मॅकगिओक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला. त्याने लोखंडाचं उदाहरण दिलं होतं, लोखंड वेळ गेल्याने गंजत नाही, त्या वेळात जी रासायनिक क्रिया होते तिच्यामुळे गंजतं. आपल्याकडे तर हे रोज दिसतं, खाडीकडच्या बिल्डिंगचं ग्रील दोन-तीन पावसाळ्यांत खाल्लं जातं आणि तसंच ग्रील कोरड्या गावात वर्षानुवर्षं टिकतं, वेळ तोच, हवा वेगळी. मग आठवणीच्या बाबतीत ती खारी हवा कुठली? मॅकगिओकचं उत्तर होतं, दुसऱ्या आठवणी. मधल्या काळात आपण जे जे शिकतो ते जुन्या गोष्टीशी झगडतं. याला इंटरफिअरन्स म्हणतात, आपण साधं आठवणींची आडवाआडवी म्हणू.

याच्या आठ वर्षं आधी, १९२४ मध्ये, जेन्किन्स आणि डालेनबाख यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात एक छोटासा प्रयोग केला होता. फक्त दोन विद्यार्थी होते. त्यांना दहा-दहा बिनअर्थाच्या अक्षरांच्या याद्या पाठ करायला लावल्या, कधी झोपायच्या आधी तर कधी सकाळी, आणि एक, दोन, चार, आठ तासांनी विचारलं. आठ तास जागं राहिल्यावर दहातलं साधारण एकच आठवायचं. आठ तास झोपल्यावर पाच-सहा. आता वेळ तर दोन्हीकडे आठच तास गेला ना? आठवणी जर नुसत्या वेळाने पुसल्या जात असत्या तर दोन्हीकडे सारखंच व्हायला हवं होतं. त्यांचं म्हणणं असं की जागेपणी माणूस बोलतो, वाचतो, लोकांना भेटतो, आणि हे सगळं नवीन सामान जुन्याच्या वाटेत येऊन बसतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. झोपेचा फायदा फक्त शांततेमुळे होत नाही, झोपेत मेंदू आठवणी पक्क्याही करतो हे आता बऱ्यापैकी मान्य झालंय. त्याची चाहूल १९०० सालीच म्युलर आणि पिल्झेकर या दोघा जर्मन लोकांना लागली होती, त्यांनी दाखवलं की काही पाठ केल्या केल्या लगेच दुसरं काम दिलं तर आधीचं जास्त बिघडतं. मी बाबांना सांगितलं, विरजण लावलेलं पातेलं आहे असं समजा, लावल्या लावल्या हलवलं की दही नीट लागत नाही, तेच सहा-सात तासांनी हलवलं तर फार बिघडत नाही. हे त्यांना लगेच पटलं.

आता पिनकडे येते. आडवाआडवी दोन्ही बाजूंनी होते. जुनं नव्याच्या आड येतं त्याला प्रोॲक्टिव्ह इंटरफिअरन्स म्हणतात. चौदा वर्षं तोच पिन दाबलेला, नवीन पिन पंधरा दिवसांचा, एटीएमचं तेच कीपॅड समोर आलं की चौदा वर्षांचा पिन आधी धावत येतो. त्यात नवीन पिन पुसला गेला वगैरे काही नव्हतं, त्या दिवशी घरी आल्यावर चहा पिता पिता बाबांनी तो मला बरोबर सांगितला. आणि नवं जुन्याच्या आड येतं ते रेट्रोॲक्टिव्ह. सात-आठ महिन्यांनी, नवीन पिन चांगला बसल्यावर, मी मुद्दाम विचारलं, बाबा जुना पिन काय होता हो? ते बोलायला गेले आणि थांबले. पहिले दोन आकडे आले, पुढे नवीन पिनचेच आकडे जोडले. चौदा वर्षं रोजचा असलेला पिन! त्यांना पहिल्यांदा वाईट वाटलं, मग मी म्हटलं की बघा, त्या दिवशी ज्याने तुम्हाला नवीन पिन आठवू दिला नाही त्यालाच आता नवीन पिनने मागे ढकललंय, तेव्हा जरा हसले.

हे सगळं घडतं कुठे, तर खुंटीवर. म्हणजे असं बघा, कुठलीही गोष्ट आठवायला आपल्याला काहीतरी खूण लागते, एखादा शब्द, जागा, वास, प्रश्न, काहीही. ती खूण म्हणजे खुंटी आणि आठवण म्हणजे तिच्यावर टांगलेला कपडा. घरात दारामागच्या एकाच खुंटीवर टॉवेल, शर्ट, पिशवी, रेनकोट, ओढणी सगळं लटकवलेलं असतं आणि सकाळी घाईत नेमका हवा तो शर्ट निघत नाही, वरचं जे असेल ते हातात येतं. शर्ट हरवलेला नसतो.

नवी मुंबईत राहणाऱ्याला तर हे फार समजावून सांगायला नकोच. आपल्याकडे सेक्टरचे नंबर प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे शहराच्या प्रत्येक भागात, पहिल्यापासून सुरू होतात. सेक्टर पंधरा वाशीलाही आहे, नेरुळला आहे, बेलापूरला आहे, खारघरला आहे, आणि आमच्या कोपरखैरणेलाही आहे. रिक्षात बसून नुसतं "सेक्टर पंधरा" म्हटलं की तुमचं काम झालं असं होत नाही. बाबा ठाण्यात, नौपाड्यात, एकाच बिल्डिंगमध्ये चाळीस वर्षं राहिले, तिथे पत्ता म्हणजे रस्त्याचं नाव, देवळासमोर, अमक्या दुकानाच्या वर. इथे आल्यावर मावशीचा सेक्टर, डॉक्टरांचा सेक्टर, बँकेचा सेक्टर आणि आपला सेक्टर सगळे नुसते आकडे, एकाच खुंटीवर. ते गोंधळायचे आणि आम्ही घरचे एकमेकांकडे बघायचो. त्या एकमेकांकडे बघण्याचं मला आज खरंच वाईट वाटतं.

गणपतीतलं उदाहरण तर आणखी चांगलं आहे. आरत्या चालू असतात, टाळ जोरात, आणि "जय देव जय देव" म्हटल्यावर पुढे अर्धे लोक एका देवाकडे जातात आणि अर्धे दुसऱ्या. बऱ्याच आरत्यांचं ध्रुवपद याच शब्दांनी सुरू होतं, तिथून रस्ते फुटतात, आणि आत्ताच जी आरती म्हणून झालेली असते तिचा रस्ता जास्त उघडा असतो. पाठ नसतं म्हणून असं होत नाही, सगळ्याच आरत्या पाठ असतात म्हणून होतं. ज्याला एकच आरती येते तो कधीच चुकत नाही.

आणि हेच बेंटन अंडरवुडने १९५७ मध्ये आकड्यांनी दाखवलं. त्याला एक कोडं पडलं होतं, की प्रयोगशाळेत लोक एक यादी पाठ केल्यावर चोवीस तासांत चारातले तीन भाग विसरतात, असं कसं काय, खऱ्या आयुष्यात तर आपण इतकं विसरत नाही. त्याने वेगवेगळ्या लोकांचे आधीच छापलेले प्रयोग शेजारी शेजारी ठेवले आणि एवढंच पाहिलं की ही यादी पाठ करायच्या आधी त्या माणसाने अशाच किती याद्या पाठ केल्या होत्या. ज्यांची ती पहिलीच यादी होती ते दुसऱ्या दिवशी साधारण एकच चतुर्थांश विसरले होते. ज्यांनी आधी पंधरा-वीस याद्या केल्या होत्या त्यांचं बहुतेक सगळं गेलेलं. यादी तशीच, चोवीस तास तेच, फरक आधीच्या गर्दीचा. एबिंगहाउसने तर स्वतःच शेकडो याद्या पाठ केल्या होत्या, त्यामुळे त्याच्या आलेखातली ती धाडकन घसरण काही प्रमाणात त्याच्या मेहनतीचीच किंमत होती. मला हा शोध फार आवडतो, नवीन एकही प्रयोग न करता, फक्त जुने कागद नीट वाचून निघालेला.

मी रोज कोपरखैरणे स्टेशनला स्कूटर लावून ट्रेन पकडते. संध्याकाळी जिना उतरताना कितीतरी वेळा थांबावं लागतं, आज कुठे लावली? खांबाजवळ? ते काल. झाडाखाली? ते बहुतेक सोमवारी. सगळ्या दिवसांचे फोटो एकावर एक ठेवल्यासारखे. पण गेल्या मे महिन्यात एका लग्नाला गेलो होतो, तिथे हॉलच्या मागे निळ्या टेम्पोशेजारी स्कूटर लावली होती, ते मला आजही स्वच्छ आठवतंय, तिथे परत कधी गेलेच नाही ना. याच विषयावर इंग्लंडमध्ये केंब्रिजला दा कोस्टा पिंटो आणि ॲलन बॅडली यांनी खराखुरा अभ्यास केला, तो १९९१ मध्ये छापून आला. तिथे रोज कामाला येणारे लोक गाडी कुठे लावली होती ते दिवसागणिक विसरत गेले, आणि एकदाच आलेल्या पाहुण्यांना मात्र काही आठवड्यांनीही ते बरंच चांगलं आठवत होतं. बॅडलीनेच ग्रॅहम हिच या सहकाऱ्याबरोबर १९७७ मध्ये रग्बी खेळाडूंना विचारलं होतं की या सीझनला कुठल्या कुठल्या टीमशी खेळलात. काही खेळाडूंच्या मधल्या मॅच हुकलेल्या असतात, त्यामुळे वेळ आणि मॅचची संख्या वेगळी काढता येते. विसरणं जास्त जुळलं ते मध्ये किती मॅच झाल्या याच्याशी, किती दिवस गेले याच्याशी नाही.

आता मुलांचं. माझा भाचा दहावीला आहे, घणसोलीला राहतो. ताई त्याला एका बैठकीत हिंदी, मग लगेच संस्कृत, मग लगेच मराठी करायला लावायची, म्हणजे भाषा भाषा एकदम होऊन जातील, आणि तो रात्री रडकुंडीला यायचा कारण संस्कृतच्या विभक्तीत हिंदी घुसायची. तो आळशी नाहीये हो. जितकं सारखं सामान तितकी आडवाआडवी जास्त, हे मॅकगिओकच्या काळापासून माहीत आहे. आणि याची उलटी बाजू डेलोस विकेन्सने दाखवली, १९६३ पासून पुढे त्याने लोकांना तीन-तीन गोष्टी लक्षात ठेवायला दिल्या, एकाच प्रकारच्या दिल्या तर प्रत्येक फेरीला आठवणं खाली खाली जातं, आणि मध्येच प्रकार बदलला, म्हणजे फळं-फळं-फळं झाल्यावर एकदम व्यवसायांची नावं दिली, की आठवणं उसळून वर येतं. माणूस तोच, थकलेला तितकाच. म्हणून मी ताईला सांगितलं, संस्कृतनंतर गणित घे, भूमिती घे, नकाशा काढायला बसव, हिंदी उद्या सकाळी. आणि प्रत्येक धड्यानंतर वही मिटून पाच मिनिटं त्याला स्वतःहून सांगायला लाव काय वाचलं ते. या दुसऱ्या गोष्टीलाही आधार आहे, २००८ मध्ये स्पुनार, मॅकडरमॉट आणि रोडिगर यांनी दाखवलं की लागोपाठ याद्या शिकताना प्रत्येक यादीनंतर छोटी चाचणी घेतली तर आधीच्या याद्यांचे शब्द पुढच्या यादीत कमी घुसतात आणि शेवटची यादी कितीतरी चांगली आठवते. चाचणीने जणू दोन कप्प्यांमध्ये फळी बसते. ताईने आधी ऐकलं नाही, मग ऐकलं.

पण आठवण्यालाही एक खर्च असतो, आणि हा भाग मला स्वतःला सगळ्यात विचित्र वाटतो. १९९४ मध्ये मायकल अँडरसन आणि रॉबर्ट व एलिझाबेथ ब्यॉर्क यांनी लोकांना जोड्या शिकवल्या, फळ-संत्रं, फळ-केळं अशा, बऱ्याच प्रकारांच्या. मग काही प्रकारांमधल्या अर्ध्याच शब्दांची उजळणी करून घेतली, समजा संत्र्याची केली, केळ्याची नाही. शेवटी विचारलं तेव्हा उजळणी केलेले शब्द अर्थातच चांगले आठवले, सुमारे ७३ टक्के. ज्या प्रकारांना हातच लावला नव्हता ते ४८-४९ टक्के. आणि केळं? साधारण ३८ टक्के! म्हणजे संत्र्याची उजळणी झाली म्हणून केळं हात न लावलेल्या शब्दांपेक्षाही खाली गेलं. संत्रं शोधताना मेंदूला केळ्याला "तू गप्प बस" म्हणावं लागतं, आणि ते दाबणं नंतरही उरतं असं त्यांचं म्हणणं. बाबांच्या नोकरीच्या आठवणींचं हेच झालंय असं मला वाटतं, तेच तीन-चार किस्से इतक्यांदा सांगून झालेत की बाकीची पस्तीस वर्षं त्या किश्शांच्या मागे गेलीत. म्हणून आता ते किस्सा सुरू करायला लागले की मी वेगळंच विचारते, डब्यात काय असायचं, शेजारच्या टेबलवर कोण बसायचं.

बाबांच्या मूळ प्रश्नाचं मी काय सांगितलं ते पण लिहिते. वय वाढतं तसं जुन्याला बाजूला ठेवायची ताकद थोडी कमी होते, त्यामुळे ही आडवाआडवी म्हाताऱ्या माणसांना जास्त छळते, हे संशोधनात दिसलंय. वर चौऱ्याहत्तर वर्षांचं सामान. पण नवीन पिनऐवजी जुना पिन येणं, एका नातवाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारणं, हे चुकीचं असलं तरी जवळचंच उत्तर आहे, त्याच खुंटीवरचा शेजारचा कपडा. रोजच्या रस्त्यावर हरवणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा विचारणं, एटीएम कशासाठी असतं हेच न कळणं, असं काही दिसलं तर मात्र माझ्यासारखीचे लेख वाचत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे जा. आम्हीही गेलो, तपासून घेतलं, डॉक्टर म्हणाले ठीक आहे, आणि त्यानंतरच बाबा शांत झोपायला लागले.

पिनसाठी आम्ही खुंटी बदलली. जुना पिन "एटीएमचा पिन" या नावाने बसलेला होता, नव्याला आम्ही बाबांच्या एका जुन्या गोष्टीशी जोडलं, कुठल्या ते अर्थातच सांगत नाही, आणि मशीनसमोर जायच्या आधी, बाहेर उभं राहूनच, ती गोष्ट मनात आणायची. कीपॅड दिसलं की जुना धावत येतो ना, मग कीपॅड दिसायच्या आत नव्याला पुढे उभं करायचं. पुन्हा ब्लॉक झालं नाही.

आणि शेवटी ज्या प्रयोगाने मला स्वतःला धीर आला तो. टुल्व्हिंग आणि सोट्का, १९७१. लोकांना चोवीस-चोवीस शब्दांच्या याद्या दिल्या, प्रत्येक यादीत सहा प्रकार, प्रत्येक प्रकाराचे चार शब्द. पहिल्या यादीनंतर जितक्या जास्त याद्या शिकवल्या तितकी पहिली यादी जास्त विसरली गेली, अपेक्षेप्रमाणे. मग त्यांनी फक्त प्रकारांची नावं सांगितली, आणि विसरलेली यादी जवळजवळ मूळ पातळीपर्यंत परत आली. सगळं आत होतं, दार सापडत नव्हतं.

दिवाळीच्या आधी मी बाबांना विचारलं, नौपाड्याच्या बिल्डिंगमधले सगळे शेजारी सांगा. पाच नावं आली, मग थांबले, कपाळाला हात लावला. म्हटलं थांबा, असं नको, आपण जिना चढू. तळमजला, जिन्याच्या डाव्या हाताला कोण? आणि ते बोलायला लागले, तळमजल्यावर लेले, मग ते मुलुंडला गेले आणि तिथे क्लासवाले आले, समोर कुलकर्णी, त्यांच्या दारात तुळस होती, पहिल्या मजल्यावर आपण, आपल्या शेजारी प्रधान वहिनी, त्यांच्याकडे पहिला टीव्ही आला, तिसऱ्या मजल्यापर्यंत ब्लॉकमागून ब्लॉक, भाडेकरूंसकट, आई आतून कणीक भिजवता भिजवता म्हणाली अहो प्रधानांच्या आधी तिथे सबनीस होते, आणि बाबा म्हणाले, सबनीस दुसऱ्या मजल्यावर, प्रधानांच्या आधी रेगे.

आईने जरा आठवून बघितलं. रेगेच होते.